खरी अळी निघाली तेव्हा

त्या शुक्रवारी आमच्या बाजारात शंभरेक माणसं आ वासून उभी होती. वैद्य काम्वेंडो दाढेतले किडे काढत होता. पाण्याच्या थाळीत निखाऱ्यांचं खापर, निखाऱ्यांवर मूठभर बी, वर वाकलेल्या रोग्याच्या डोक्यावर घोंगडी. घोंगडी उचलली की पाण्यात पांढरे किडे!

"पाणघोड्याचीसुद्धा दाढ साफ केलीय मी!" तो गरजला.

"त्यानंही फीची कोंबडी दिली का हो?" मी भजी तळता तळता विचारलं. लोक माझ्यावरच खेकसले.

तेवढ्यात लोजिना आपल्या म्हाताऱ्या आईला, एनेलेसीला, सायकलवर बसवून घेऊन आली. महिनाभर तापात म्हातारी ओसरीवर तोंड उघडं टाकून पडलेली. ओठ टम्म सुजलेला, वास मारत होता.

"वैद्यबुवा, हिरडीत वळवळतंय म्हणते."

"वळवळणारच! सत्तर किडे दिसतायत मला!" म्हणत काम्वेंडोनं ऐटीत तिचा ओठ उचलला. हिरडीतून एका जिवंत अळीनं डोकं बाहेर काढलं.

"आई गं! किडा!" काम्वेंडो किंचाळला, निखाऱ्यात पाय देऊन पळाला आणि आंब्यावर चढला.

"अहो, तुम्ही तेच काढता ना?" लोजिनानं खालून विचारलं.

"हा खरा आहे!"

दवाखान्यातली नर्स फनेसी टोमॅटो घेत होती. तिनं म्हातारीला तडक दवाखान्यात नेलं. बॅटरी मी धरली. फनेसीनं टर्पेंटाइनचा बोळा लावला. गुदमरून वर आलेल्या अळ्या एकेक करून चिमट्यानं उचलल्या. अकरा निघाल्या.

एनेलेसी रडत म्हणाली, "मी काय मेलेय, अळ्या पडायला?"

"माशीला काय कळतं, आजी? उघडी जखम दिसली, घातली अंडी. आणखी चार दिवस गेले असते, तर टाळू खाल्ली असती त्यांनी."

उरलेल्या अळ्या दुसऱ्या दिवशी निघाल्या. आठवड्यानं आजी पेज पिऊ लागली.

पुढच्या शुक्रवारी फनेसीनं काम्वेंडोची पळताना राहिलेली बियांची पिशवी बाजारात आणली. निखाऱ्यांवर तेच बी टाकलं आणि घोंगडीखाली माणसाऐवजी गावच्या मुखियांचं लाकडी स्टूल ठेवलं. घोंगडी उचलली. थाळीत तीस किडे!

"स्टुलाची दाढ दुखतेय वाटतं," मी म्हणालो.

"रानवांग्याचं बी आहे हे," फनेसी म्हणाली. "तापलं की फुटतं, आतला वाकडा पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो. बोटानं डिवचून बघा, हलतोय का?"

"पण ताई, स्टूल जुनंय," मागून एक जण म्हणाला. "किडलंही असेल."

त्याला मी हात जोडले. तुम्हालाही जोडतो. तोंडात जखम झाली तर चूळ भरा, माश्या बसू देऊ नका, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं तोंड रोज पुसा, रोज बघा. वळवळलं तर लाजू नका, दवाखाना गाठा. आणि कुणी किडा काढून दाखवलाच, तर आधी विचारा, हा तोंडातून आला की पिशवीतून?