कसरती पुकारणारा

माझा नवरा बाजारात भाज्यांचे लिलाव पुकारायचा. त्यामुळे घरातही तो कधी बोलायचाच नाही, पुकारायचा. "टॉवेल कुठाय?" हे खालच्या मजल्यावर ऐकू जायचं आणि खालच्या काकू तिथूनच ओरडायच्या, "दोरीवर बघा!" त्या आवाजाला मी लग्नापासून वैतागलेली होते. मग त्याच्या स्वरयंत्रावर गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधीच निघाली, पण आवाज गेला.

अगदीच गेला असं नाही. डॉक्टर म्हणाले, ओरडू नका, पण रोज थोडं थोडं बोला, बोललात तरच सुधारेल. तो बोललाही. पण आवाज आला तो गंजक्या बिजागरीसारखा, बारीक आणि खरखरीत. त्यात एकदा फोनवर कुणीतरी त्याला विचारलं, "आजी, घरात दुसरं कोणी आहे का?" त्या दिवसापासून त्यानं तोंडाला कुलूप लावलं. बाजारानं त्याला लिलावावरून उचलून वजनकाट्यावर बसवलं आणि त्यानं चकार शब्द काढला नाही. काढणार कुठून!

घरी पलीकडच्या खोलीतून मला मेसेज यायचा, 'आमटीत मीठ कमी.' संसारात भांड्याला भांडं लागायचंच, पण मेसेजशी काय कपाळ भांडणार? मी तावातावानं बोलायचे आणि तो उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवायचा. मला त्या अंगठ्याचा इतका राग यायचा की सांगता सोय नाही. खरं म्हणजे मला भीती वाटत होती, की हा आता असाच राहणार.

मी दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर बारीक काम करून बोटं स्थिर झाली आहेत, म्हणून रिमोटवरची मॉडेल हेलिकॉप्टरं मी बरी उडवते. आमच्या स्पर्धेत उडवणाऱ्याच्या मागे एक पुकारणारा उभा असतो. त्यानं प्रत्येक कसरतीचं नाव मोठ्यानं सांगायचं, मग 'सुरू' आणि शेवटी 'संपली'. पंचांना ऐकू गेलं नाही, तर त्या कसरतीला शून्य. उडवणाऱ्याला मात्र मान वळवून चालत नाही. क्षणभर नजर हलली की नाक कुठलं आणि शेपूट कुठलं ते कळेनासं होतं, आणि मग हेलिकॉप्टर पिशवीत भरून घरी न्यावं लागतं. माझा पुकारणारा अर्थातच नवरा. त्याचा आवाज शेजारच्या मैदानातल्या पंचांनाही ऐकू जातो, असं लोक म्हणायचे.

यंदाच्या स्पर्धेत शनिवारी त्याच्या जागी दीर उभा राहिला. दीर गुणी आहे, पण त्याला कसलाच धीर नाही. हेलिकॉप्टर हवेत अजून डुलत असताना तो "संपली!" म्हणून मोकळा व्हायचा. एकदा मधलीच कसरत गाळली आणि वर मलाच म्हणाला, "वहिनी, तू फार सावकाश उडवतेस." नवरा प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या पलीकडे उभा होता. प्रत्येक चुकीला त्याचे ओठ हलत होते. ते मला हेलिकॉप्टर उतरवल्यावर लोकांनी सांगितलं, आणि रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

रविवारी माझा नंबर लागायच्या आधी मी दिराला चहा आणायला पिटाळलं. चहा मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला मिळतो. नवऱ्यानं फोनवर लिहून दाखवलं, 'तो कुठे गेला?'

"चहाला."

'मग पुकारणार कोण?'

"तू."

त्यानं जोरजोरात मान हलवली.

"मी एकदा उडवायला लागले की मागे बघणार नाही," मी म्हटलं. "तुझे हातवारे मला दिसणार नाहीत आणि तुझा अंगठाही दिसणार नाही. बोललास तर बोललास."

हेलिकॉप्टर डोळ्यांच्या उंचीला आणून मी हवेत स्थिर धरलं. आता पहिल्या कसरतीचं नाव यायला हवं होतं. मी स्वतः पुकारलं असतं तरी नियमात बसतं. पण मी ओठ शिवून घेतले. पाती घरघरत होती, बॅटरी उतरत होती आणि मागे कुणी उभं आहे की नाही, हेच मला माहीत नव्हतं. मनात आलं, बाई, अति केलंस, चारचौघांत त्याची शोभा केलीस. तेवढ्यात मागे टाळी वाजली. टाळीला गुण नसतात, म्हणून मी हलले नाही. मग चुटकी वाजली. तरी मी हलले नाही.

"चौकोन," कुणीतरी म्हणालं. "सुरू."

आवाज मला ओळखू आला नाही. कळलं तेव्हा हेलिकॉप्टर चौकोनाची पहिली बाजू कापून वळलंही होतं. माझे डोळे भरून आले. हेलिकॉप्टर उडवताना याच्याइतका गैरसोयीचा प्रकार दुसरा नाही. चौकोन पुरा झाल्यावर तो "संपली" म्हणाला, अगदी वेळेवर.

"ऐकू आलं नाही!" मुख्य पंच खेकसले.

पुढचं नाव मोठ्यानं आलं. आवाज मध्येच फाटला, पण आला. त्यापुढचं आणखी मोठ्यानं. तो नुसतं पुकारत नव्हता, मधूनमधून हळू "थांब अजून" आणि "हं, आता" असंही म्हणत होता, पूर्वीसारखं. शेवटच्या कसरतीत मोटर बंद करून नुसत्या फिरत्या पात्यांवर खाली यायचं असतं. सगळं मैदान शांत होतं. हेलिकॉप्टर आखलेल्या वर्तुळाच्या मधोमध टेकलं, आणि त्या शांततेत माझ्या नवऱ्याचा खरखरीत आवाज पार चहावाल्यापर्यंत गेला. "संपली!" दीर तिकडे दोन्ही हातांत कप घेऊन तसाच उभा राहिला.

गुण लागले. चौकोनाला शून्य. पुकारा ऐकू आला नाही, असा शेरा. बक्षिसाचा नंबर हुकला होता. मी काही म्हणायच्या आत नवरा दोरी ओलांडून पंचांच्या टेबलापाशी पोचला.

"ऐकू आलं नाही म्हणजे काय? मी बोललो होतो!"

"हळू बोललात."

"हळू का होईना, बोललो ना? मी बोललो, मला माहीत नाही?"

माणसं जमायला लागली. मुख्य पंच हट्टी गृहस्थ आहेत, दिलेला गुण त्यांनी आजवर कधी बदललेला नाही. डॉक्टरांनी नवऱ्याला ओरडायची अजून मनाई केली आहे, ती आठवण मला करून द्यायला हवी होती, आणि मी देणारही होते, थोड्या वेळानं. तोवर मी खाली बसून हेलिकॉप्टरची पाती पुसत राहिले. तिकडे त्याचा आवाज चढत होता, चिरकत होता, पुन्हा चढत होता. या पंचांना त्याचं म्हणणं इतक्यात पटू नये, एवढंच मला वाटत होतं.