शिडीचा पासंग

मित्रांनो, आम्हा शिड्यांना बोलायची सवय नसते. भिंतीला टेकायचं आणि गप्प राहायचं, एवढंच आम्हाला येतं. मी एक जुनी लाकडी शिडी आहे. हकिकत सांगायला निघाले आहे खरी, पण ती नीट जमेल की नाही, याची मला आतून धाकधूक आहे. काळजी करणं हा माझा स्वभावच आहे. ज्याच्या अंगावर रोज माणसं चढतात, त्याची काळजी कधी सुटत नाही.

मला एका सुताराने घडवलं ते एका रंगाऱ्यासाठी. घरांच्या भिंती रंगवणं हा माझ्या या मालकांचा धंदा. मला न्यायला आले तेव्हा त्यांनी माझ्या एकेका पायरीवर बोटं वाजवून पाहिली.

सुतार म्हणाला, "काळजी नको. ही तुमच्यापेक्षा जास्त वर्षं उभी राहील."

"राहू दे की. मी वर असताना हलली नाही म्हणजे मिळवली," मालक म्हणाले.

त्यांनी माझ्या वरच्या टोकांना गोणपाट गुंडाळलं, म्हणजे भिंतीला ओरखडे पडणार नाहीत. खाली जुन्या टायरचे तुकडे ठोकले, म्हणजे फरशीवरून पाय सरकणार नाहीत. तरीही गुळगुळीत फरशीवर मी सरकेन अशी मला भीती वाटायची. मालकांनाही वाटत असावी. म्हणून सुटीच्या दिवशी ते आपल्या लहान मुलीला बरोबर आणायचे आणि माझ्या सगळ्यांत खालच्या पायरीवर बसवायचे. तिचं काम एकच, वजन होऊन बसणं. तराजूची पारडी सारखी करायला एक छोटा खडा ठेवतात ना, त्याला पासंग म्हणतात. मालक तिला पासंग म्हणू लागले. पुढे घरात सगळेच म्हणू लागले.

मालकांचा एक नियम होता. वर चढलेल्या माणसाला कधी हाक मारायची नाही. हाकेने माणूस वळतो, आणि वळला की तोल जातो. बोलायचं असेल तर दांड्यावर बोटाने दोनदा ठोकायचं. खालून ठकठक म्हणजे 'मी आहे'. वरून ठकठक म्हणजे 'कळलं'. बस. पासंग खालच्या पायरीवर बसून गोष्टींची पुस्तकं वाचायची आणि पान उलटलं की ठोकायची. वरून उत्तर यायचं. माझ्या अंगातून ती ठकठक जायची तेव्हा मला कसलीच भीती वाटायची नाही.

लोक माझं कौतुक करायचे. "काय दणकट शिडी आहे हो!" म्हणायचे. मी लाजायचे आणि मनात म्हणायचे, खाली ती बसली आहे म्हणून दणकट.

पासंग मोठी झाली. दिवे-पंखे दुरुस्त करायचं काम शिकली, कमावू लागली. एके दिवशी तिने घरी सांगितलं की तिचं एका मुलीवर प्रेम आहे. ती मुलगी बेकरीत पाव भाजते. आता दोघी एकत्र राहणार आहेत. मी दाराबाहेर उभी होते. आत भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. मालक नुसतेच बाहेर आले. मला खांद्यावर घेतलं आणि कामावर निघून गेले. त्यानंतर लेक भेटायला आली की ते आतल्या खोलीत जायचे आणि तिथूनच सांगायचे, "मी घरात नाही म्हणावं!"

"अहो, तुमचा आवाज घरात आहे, तो कुठे ठेवू?" मालकीणबाई विचारायच्या.

मालक आता एकटेच चढायचे. खाली कुणी नसायचं. एकदा मी गुळगुळीत फरशीवर सरकले. मालक घसरत आले आणि त्यांचं सगळं वजन माझ्या खालून चौथ्या पायरीवर पडलं. पायरी मधोमध तडकली. त्यांचा पाय मुरगळला. त्यांनी घरी सांगितलं, "चिखलात घसरलो." मला जिन्यामागे उभं केलं आणि दुसरी, हलकी, घडीची शिडी आणली. तडा रंगाच्या ओघळांखाली झाकलेला होता. तो ठाऊक होता फक्त त्यांना आणि मला. जिन्यामागे अंधारात माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली. मला वाटलं, संपलं आपलं.

मग जून महिना आला. मित्रांनो, आमच्या शहरात जूनला प्राइडचा, म्हणजे अभिमानाचा, महिना म्हणतात. ज्या बाईला बाईच आपली वाटते, ज्या पुरुषाला पुरुष, किंवा जन्मताच लावलेली मुलगा-मुलगी ही पाटी ज्यांना आपली वाटत नाही, अशी माणसं त्या महिन्यात उघडपणे एकत्र येतात. वाचनालयाच्या सभागृहात चित्रं मांडतात, एकमेकांना कविता वाचून दाखवतात, गातात, आणि शेवटी गाजतवाजत मिरवणूक काढतात. गेल्या वर्षी त्यांनी वाचनालयाच्या दारावर बांधलेलं आपल्या निशाणाचं सप्तरंगी कापड सकाळी फाटलेलं सापडलं होतं. यंदा ते वरच्या मजल्याच्या कठड्याला, कुणाचा हात पोचणार नाही असं बांधायचं ठरलं. पण शेजारचा दुकानदार उंच शिडी देईना. "लोक बोलतात हो," म्हणाला.

कापड बांधायचं काम पासंगकडे होतं. ती आईकडे आली. मालक कामाला गेले होते.

"ने की जिन्यामागची," मालकीणबाई म्हणाल्या. "धूळ खात पडलीय. फक्त ह्यांना कळू देऊ नकोस."

मला ओरडून सांगायचं होतं, 'चौथी पायरी! चौथी पायरी!' पण शिडीला ओरडता येतं का?

पुढे पासंग, मागे पाववाली, मध्ये मी. अशा आम्ही रस्त्याने निघालो.

"तुझ्या माहेरहून मला मिळालेली ही पहिली वस्तू," पाववाली म्हणाली, "आणि तीही हाताला टोचतेय!"

"माझे बाबाही टोचतात. सवय होते."

"ते भेटले तर होईल ना सवय."

पासंग भरभर चालू लागली.

वाचनालयासमोर गुळगुळीत फरशी होती. ती पाहून माझा धीरच सुटला. पासंग चढू लागली. तिचा पाय चौथ्या पायरीवर पडला तो अगदी कडेला, दांड्याजवळ. पायरी करकरली, पण टिकली. पाववालीने मला घट्ट धरलं होतं. तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली, "अगं, पावांची ताटं कुठे ठेवू? टेबल पडतंय!" ती "आलेच हं!" म्हणून धावली. पासंग वर गाठी मारत होती. दुरून ढोल जवळ येत होते. माझ्या पायाशी कुणीच नव्हतं. उतरताना माणूस पायरी बघत नाही, मित्रांनो. पायरीच्या मधोमध बिनधास्त पाय टाकतो.

तेवढ्यात गर्दीतून मालक आले. घरातल्या सपाता, शर्टावर ओला रंग. कामावरून परतल्यावर त्यांना जिन्यामागची जागा रिकामी दिसली होती आणि मी कुठे गेले ते मालकीणबाईंना सांगावं लागलं होतं. मागून मालकीणबाई धापा टाकत येत होत्या. "अहो, थांबा तरी! मला काय स्वप्न पडलं होतं ती मोडलीय म्हणून?"

मालकांनी वर पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं, आणि मिटलं. वर चढलेल्या माणसाला हाक मारायची नाही. ते वळले आणि माझ्या सगळ्यांत खालच्या पायरीवर बसले. त्यांनी दांड्यावर बोटाने ठोकलं. ठकठक.

वर गाठ मारणारे हात थांबले. खूप वेळ काहीच झालं नाही. मग वरून उत्तर आलं. ठकठक.

पाववाली ताट घेऊन परत आली. "काका, जरा बाजूला व्हाल का? वर माणूस आहे."

"माहीत आहे. म्हणूनच बसलोय."

"पण तुम्ही कोण?"

मालक घुटमळले. "मी... आज मी पासंग," म्हणाले.

तिच्या हातातलं ताट कललं. ते मालकीणबाईंनी सावरलं.

पासंग उतरू लागली. मालक उठून माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. तिचा पाय चौथ्या पायरीकडे येताच त्यांनी तिची टाच तळहातात धरली आणि अलगद तिसरीवर आणून ठेवली.

ती खाली उतरली. दोघं एकमेकांकडे न बघता माझ्याकडेच बघत होते.

"मोडलीय ती," मालक म्हणाले.

"कधी?"

"तू नव्हतीस तेव्हा."

"मग सांगायचं नाही का, बाबा?"

"कुणाला सांगणार?"

ढोल अगदी जवळ आले होते. मालकांनी डोळे पुसले, की घाम, ते मला सांगता येत नाही. मग वर पाहून म्हणाले, "डावीकडची गाठ ढिली आहे. सुटेल."

"परत चढते."

"आधी पायरी. खिळे आहेत का कुणाकडे?"

पाववालीने पावांच्या खोक्याची एक जाड फळी आणून दिली. मालकांनी ती तिथेच ठोकली. पासंग पुन्हा वर गेली. मालक खालच्या पायरीवर बसून राहिले. मिरवणूक समोरून गेली. त्यांनी ती नीट पाहिली असं मी म्हणणार नाही. ते बराच वेळ मान खाली घालून बसले होते. पण उठले नाहीत.

आता मी वाचनालयातच असते. माझी चौथी पायरी वेगळ्या लाकडाची आहे आणि थोडी करकरते. पुढच्या जूनमध्ये मालक येतील का, याची काळजी मला आतापासून लागली आहे. माझा स्वभाव काही जायचा नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. आपली एखादी पायरी तडकली असेल तर तिच्यावर रंग फासून गप्प बसू नका, कुणाला तरी सांगा. आणि तुमचं कुणी माणूस उंच चढलेलं दिसलं, तर खालून ओरडू नका. जवळ जा, खालच्या पायरीवर बसा आणि दोनदा ठोका. वरून उत्तर यायला वेळ लागेल. तोवर उठू नका.