पिलांवरची मरळ

ज्याला त्याला प्रभुलिंगच्या गळाचीच पडली होती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तो मुकादम. आठवडाभर मागांच्या खडखडाटानं कान किटायचे आणि सुट्टीच्या दिवशी तो कुठल्यातरी पाण्यावर जाऊन गळ टाकून बसायचा. दारू नाही, पत्ते नाहीत, तंबाखूची चिमूटसुद्धा नाही. पण गळ्यात लिंग आणि हातात गळ, हे काही गल्लीला पचत नव्हतं. बरं, मासा खात होता म्हणावं तर तेही नाही. त्याच्या घरात अंडं कधी शिरलं नव्हतं. हा बाबा मासा धरायचा, डोळे भरून बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा. त्यावर आपली लिंगायत माणसं म्हणायची, हात लावलास म्हणजे बाटलास. आणि खाणारे म्हणायचे, हातात आलेला मासा सोडतो, ह्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. दोन्हीकडून बोलणी ह्यालाच. माणसानं जगावं तरी कसं?

त्यात त्यानं होडी घेतली. कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टची, फायबरची, दोघं मागेपुढे बसतील अशी लांब आणि निमुळती. ती अंगणात उपडी घातली त्या दिवसापासून शेजाऱ्यांना ऊत आला. "नळाला पाणी चार दिवसांआड, आन् मालकांनी होडी आणली," असं येताजाता ऐकू येईल एवढ्या आवाजात चालायचं. प्रभुलिंग नुसता दातओठ खायचा.

इथवर ठीक होतं. पण आता गोष्ट चंद्रिकावर आली. चंद्रिका त्याची एकुलती एक पोरगी. वळसंगच्या बसवराज पाव्हण्यांच्या मुलाशी तिचं जमत आलं होतं. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, रोज फोनवर बोलणं होतं, पोरगी स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली होती. आणि एक दिवस पाव्हण्यांचा फोन आला. मुलीचे वडील मासे मारतात असं कानावर आलंय, आमच्या आईला ते चालायचं नाही, रविवारी येतो, समोरासमोर काय ते बोलू.

प्रभुलिंगचं डोकंच फिरलं. "मारतात? कोण म्हणालं मारतात? माझ्या हातनं एक मासा मेला असंल तर दाखवा म्हणावं. त्यांचा पोरगा दिवसभर गुटखा चघळतोय, मी काढलं का तोंडातनं एक अक्षर?"

"अहो, हळू बोला की," दाक्षायणी म्हणाली. ती त्याची बायको, आणि ह्या घरात आवाज न चढवता जिंकायची कला तिच्याकडे होती. "सोडून द्या ते गळ. पोरीपरीस मासे मोठे झाले का तुमाला?"

"सोडला म्हणजे मी कबूल केलं की पाप करत होतो. मी करत न्हाई, तर कबूल का करू?"

चंद्रिका दारात उभी होती. तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. "अप्पा," ती म्हणाली, "तुम्ही खरंच काय करता ते त्यांना दाखवा की. व्हिडिओ काढा. बघितलं की कळेल त्यांना."

पोरीनं आपल्यावर विश्वास ठेवला, एवढ्यानंच प्रभुलिंगला भरून आलं. ठरलं. असा व्हिडिओ काढायचा की वळसंगकरांची बोलती बंद झाली पाहिजे. म्हणून मासाही तसाच पाहिजे, मोठा, बघत राहावा असा. आणि तो मिळणार एकाच ठिकाणी.

कर्नाटकाच्या हद्दीजवळ माळावर एक जुनं तळं आहे. मेंढरं राखणारे त्याला लांडगेतळं म्हणतात. शेवटचं गाव मागे पडलं की रस्ता संपतो, मग गाडीवाट लागते, पुढे तीही संपते. पाण्यात बुडालेल्या बाभळी इतक्या की जाळं टाकलं तर चिंध्या होऊन वर येतं, म्हणून भोई तिकडे फिरकत नाहीत. काठाला पाणकणसांची दाटी आणि गुडघाभर चिखल, म्हणून काठावरून गळही टाकता येत नाही. प्रभुलिंग दोनदा तिथं जाऊन नुसता बघून आला होता. होडी घेतली ती त्या तळ्यासाठीच.

सोबतीला सिद्धनाथ होता. हा कुर्डुवाडीचा, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर, शाळेपासूनचा मित्र आणि मासे खाण्यात पटाईत. छोटा हत्ती टेम्पो वाट संपेपर्यंत नेला. तिथून पुढे होडी उपडी करून दोघांनी खांद्यावर घेतली. होडीखाली चार पाय चाललेले बघून एक मेंढपाळ जागच्या जागी उभा राहिला. काय विचारावं हेही बिचाऱ्याला सुचलं नाही.

"सगळा श्रावण तोंड बांधून बसलोय," होडीखालून सिद्धनाथ म्हणाला. "एक तरी मासा घरी न्हेऊ दे की."

"एक पण न्हाई. आज तर न्हाईच न्हाई."

"लगीन तुझ्या पोरीचं, आन् उपास माझा."

होडी पाण्यात लोटून दोघं मागेपुढे बसले. पाणकणसांतून होडी आत सरकली आणि समोर तळं उघडलं. वाळलेल्या बाभळींचे शेंडे पाण्याबाहेर आलेले, प्रत्येकावर पंख पसरून पाणकावळे बसलेले. माणसाची एक खूण नाही. प्लास्टिकची बाटली नाही, चप्पल नाही, काही नाही. वल्ह्याचं पाणी ठिबकत होतं तेवढाच आवाज. बाभळींमधून वाट काढत ते पार दुसऱ्या टोकाला गेले. तिकडे पाणी इतकं नितळ होतं की खालचे दगड मोजावेत. एवढं मोठं तळं, आणि आज ते आपल्या दोघांचंच, असं वाटून प्रभुलिंगचा आठवडाभराचा राग थोडा खाली बसला.

तेवढ्यात पुढे पाण्यावर त्याला लाल दिसलं. कुंकू सांडावं तसा एक ठिपका, चांगला परातीएवढा, आणि तो हलत होता. जवळ गेल्यावर कळलं, बोटाच्या पेराएवढी असंख्य पिलं एकमेकांना चिकटून चालली होती. मधूनच सगळी श्वास घ्यायला वर यायची आणि पाणी पावसाच्या थेंबांनी तडतडावं तसं तडतडायचं.

"मरळीची पिलं हायत," सिद्धनाथ हळूच म्हणाला. "खाली मरळ असणार. चल, दुसरीकडं जाऊ."

"दुसरीकडं कशाला? हितंच टाकू." प्रभुलिंगनं गळ उचलला सुद्धा. पिलांवर असलेली मरळ जवळ येईल त्याच्यावर तुटून पडते हे त्याला ठाऊक होतं. वाट बघायलाच नको.

सिद्धनाथनं वल्हं उचलून मांडीवर आडवं घेतलं. "पिलांवरची मरळ धरत न्हाईत, प्रभ्या. आमच्यात कुणीच धरत न्हाय. ती बाजूला झाली की पिलं ऱ्हात न्हाईत."

झालं. प्रभुलिंगच्या अंगाचा तिळपापड झाला. आठवडाभर व्याह्यांनी शिकवलं, बायकोनं शिकवलं, गल्लीनं शिकवलं, आणि आता हा. वर्षभर मरळीचं कालवण ओरपणारा माणूस त्याला दया शिकवत होता.

"तुमच्यात?" तो म्हणाला. "तुमच्यात तर तिला तव्यावर घालतात. तेव्हा तिची पोरं आठवत न्हाईत काय रे? मी काय तिला घरी न्हेणार हाय? धरणार, दाखवणार, सोडणार. गळाचा उलटा काटा मी कानशीनं घासून टाकलाय. गांडूळसुद्धा लावत न्हाई, रबरी बेडूक लावतो. आन् तू मला सांगतोस?"

"मी खातो म्हणून तर सांगतो. फुडल्या साली बी खायाला ऱ्हायला पायजेत की."

"मग तो हिशोब झाला. त्याला दया म्हणत न्हाईत." असं म्हणून प्रभुलिंगनं रबरी बेडूक त्या लाल ठिपक्याच्या बरोबर मधे टाकला.

पाणी फुटलं. मरळ खालून अशी आली की दोरीनं त्याच्या बोटाची सालं काढली. थोड्या झटापटीनंतर ती होडीत आली. हाताएवढी लांब, काळपट, पोटाकडे पांढरी, तोंड सापासारखं, डोळे जागे. प्रभुलिंगनं ती आपल्याच कारखान्याच्या टॉवेलात घेतली. टॉवेल त्यानं आधीच भिजवून ठेवला होता. त्याच्यासारखा जपणारा माणूस मिळणार नाही, हे शत्रूनंही कबूल केलं असतं.

"काढ आता व्हिडिओ. नीट काढ."

पहिल्यांदा सिद्धनाथचा अंगठाच आला. तो मुद्दाम आणला असं प्रभुलिंगला वाटलं, त्यावरून बोलाचाली झाली. दुसऱ्यांदा वाऱ्यानं होडी फिरली, ऊन पाठीमागं गेलं आणि व्हिडिओत प्रभुलिंगचं तोंड काळं आलं. तिसऱ्यांदा सगळं जमलं. नमस्कार पाव्हणं, हा बघा मासा, ही बघा गळाची जागा, रक्ताचा थेंब न्हाई. मग त्याच्या लक्षात आलं की बसवराज पाव्हण्यांच्या आईला, शरणम्माला, मराठी धड कळत नाही, आणि नको म्हणणारी तर तीच. म्हणून सगळं पुन्हा एकदा कानडीत. कानडीत बोलताना तो अडखळला, म्हणून परत. मधूनमधून तो टॉवेल पाण्यात बुचकळत होता. मरळ बाहेर बराच वेळ जगते, तिला हवेतला श्वास घेता येतो, हे त्याला माहीत होतं, आणि ते खरंही होतं. वारा होडीला हळूहळू बाभळींकडे नेत होता, पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

शेवटी त्यानं दोन्ही हातांनी मरळ पाण्यात धरली आणि सोडली. शेपटीचा एक फटका मारून ती गेली. कानडीतला शेवटचा शब्दही बरोबर पडला.

"बघितलंस?" प्रभुलिंग म्हणाला. "काय झालं तिला?"

सिद्धनाथ मागे बघत होता. मघाच्या जागी पाणी खळबळत होतं. चिलापी माशांचा थवा तिथं तुटून पडला होता, पाठीवर पाठ, कल्ल्याला कल्ला. प्रभुलिंगनं वल्हं ओढून घेतलं आणि जीव खाऊन होडी मारली. पोचल्यावर तो वल्ह्यानं पाणी बडवायला लागला. "हाड, हाड," असं माशांना ओरडत होता, कुत्री हाकलावी तसं. चिलापी पांगले. खाली नितळ पाणी होतं आणि त्यात लाल काहीच नव्हतं. एका काडीआड दोन-तीन पिलं दिसली, मग तीही दिसेनात.

थोड्या वेळानं मरळ आली. त्याच जागी वर येऊन तिनं श्वास घेतला, खाली गेली, एक फेरी मारली, पुन्हा तिथंच वर आली. दोघंही हलले नाहीत. ती पुन्हा वर आली.

"तू मला थांबवलं का न्हाईस?" प्रभुलिंग खेकसला.

"सांगितलं की."

"सांगून काय होतंय? हात धरायचा माझा."

"तुझा? तू कवा कुणाचं ऐकलंयस?" सिद्धनाथ म्हणाला. परतताना वाटेत तो घरी मासा न्यायचं काही बोलला नाही.

रविवारी वळसंगचे पाव्हणे आले. दाक्षायणीनं शेंगापोळ्या केल्या होत्या. चंद्रिका डोक्यावर पदर घेऊन बसली होती आणि तिचे हात मांडीत घट्ट धरलेले होते. प्रभुलिंगनं फोन बसवराज पाव्हण्यांच्या हातात दिला. शरणम्मानं चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला. नातवाच्या होणाऱ्या सासऱ्याची कानडी ऐकून म्हातारीचा चेहरा खुलला. "हौदु, हौदु," ती प्रत्येक वाक्याला होकार देत होती. मरळ पाण्यात सुटली तेव्हा तिनं हात जोडले.

"आमचाच गैरसमज झाला, पाव्हणं," बसवराज म्हणाले. "लोक काय वाट्टेल ते सांगतात. मुक्या जिवाला किती जपताय तुम्ही."

दाक्षायणीनं सुटकेचा श्वास टाकला. चंद्रिकानं मान वर केली आणि बापाकडे असं बघितलं की प्रभुलिंगला ते सोसेना.

"त्यात सगळं आलं न्हाई," तो म्हणाला.

"अहो," दाक्षायणी म्हणाली. त्या एका शब्दात सगळी धमकी होती. पण तो थांबला नाही. त्यानं सांगितलं. ती पिलांवर होती, मित्रानं नको म्हटलं, मी ऐकलं नाही, व्हिडिओ नीट यावा म्हणून तिला धरून ठेवली आणि तेवढ्यात चिलापींनी पिलं खाल्ली. सगळीच्या सगळी. नंतर ती त्यांना शोधत होती. तेही त्यानं सांगितलं, आणि शरणम्मासाठी पुन्हा कानडीत सांगितलं. चंद्रिकाचे हात पुन्हा घट्ट झाले.

शरणम्मानं फोन खाली ठेवला. मग तिनं कानडीतच विचारलं, "तुम्ही खाल्लं तर नाही ना?"

"नाही."

"मग तुमच्याकडं काय पाप?" म्हातारी म्हणाली. "माशांनी मासे खाल्ले." बसवराज मोकळेपणी हसले. एवढ्याशा पिलांसाठी ज्याचं काळीज तुटतं त्याची मुलगी आमच्या घरी सुखी राहील, असं म्हणून त्यांनी शेंगापोळीवर तुपाची धार मागितली. साखर वाटली गेली. चंद्रिका वाकून पाया पडली आणि उठताना तिच्या तोंडावरचं हसू काही केल्या आवरत नव्हतं.

पाव्हणे गेल्यावर प्रभुलिंग ओट्यावर येऊन बसला. दाक्षायणी ताटं आवरून बाहेर आली. "आता का तोंड पाडून बसलाय? सगळं मनासारखं झालं की."

"मनासारखं?" प्रभुलिंगचा आवाज चढला. "मी त्यांच्या तोंडावर सांगितलं, माझ्या हट्टापायी अख्खी पिलावळ गेली. दोन भाषांत सांगितलं. आन् त्यांनी वर तूप मागितलं."

"मग काय लगीन मोडायला पायजे होतं का तुमाला?"

"न्हाई," तो म्हणाला. आवाजातला राग तसाच होता. "पण एकानं तरी मला शिव्या घालायला पायजे होत्या, दाक्षायणी. एकानं तरी."