हातभर वायर

दुरुस्त करून दिलेलं मशीन आठवड्याच्या आत पुन्हा अडलं, असा निरोप आला की कुठल्याही मिस्त्रीचं तोंड बघवत नाही. त्या सकाळी दगडखाणीवरून फोन आला आणि वहिनीला नवऱ्याचं तोंड खरोखरच बघवेना.

वहिनी म्हणजे मिस्त्रीची बायको. खाणीवरचे आणि क्रशरवरचे सगळे तिला वहिनीच म्हणायचे. इंजिन मिस्त्रीचं, वायरिंग आणि लॅपटॉप वहिनीचा, अशी वाटणी कित्येक वर्षं बिनबोभाट चालली होती. मग गेल्या हिवाळ्यात मिस्त्रीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, पण उजव्या हाताची बोटं घरी आलेल्या जावयासारखी वागायला लागली. बसायची ऐटीत, कामाला म्हणून हलायची नाहीत. आणि आजारपणानंतर त्याने वायरिंगसकट एकट्याने केलेलं पहिलं काम म्हणजे नेमका हाच लोडर, खाणीवरचं खडी भरायचं मशीन.

"कळलं आता," मिस्त्री पान्यांच्या पेटीवर बसून म्हणाला. "चूक माझीच निघाली तर पेटी विकून टाकायची. ते स्पेअर पार्टवाले बोलावतायत ना, बसतो काउंटरवर."

"आधी बघू तरी काय झालंय ते. लगेच कसली निरवानिरव?"

बोलली खरी, पण काउंटरवरचा मिस्त्री काही तिच्या डोळ्यांसमोर येईना. इंजिनाला कान लावून "हा तिसरा सिलिंडर रुसलाय बघ" म्हणणारा माणूस तो. पावत्या फाडत बसला तर वर्षभरात वाळून जाईल, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

खाणीवर ऑपरेटर वाटच बघत होता. "रिकामा असला की गुणी बाळ आहे हो वहिनी. बकेट खडीत घुसवून रेस दिली की लाल दिवा. स्क्रीनवर येतं, इंजिनशी संपर्क नाही. मग इंजिन असं रांगतं, की चालत गेलेलं परवडलं!"

मिस्त्री गाडीतून उतरलासुद्धा नाही. "तूच बघ," एवढंच म्हणाला.

हल्लीच्या इंजिनात एक कंप्युटर असतो, केबिनमध्ये दुसरा, गिअरपाशी तिसरा, आणि सगळे एकमेकांशी बोलतात ते दोन बारीक वायरींवरून. त्या दोघी वेणीसारख्या एकमेकींत पिळलेल्या असतात, आणि ते काही शोभेसाठी नाही. शेजारच्या जाड वायरींमधल्या विजेचा गोंगाट पिळामुळे दोघींवर सारखाच पडतो, त्यामुळे निरोप त्यातूनही नीट ऐकू येतो. पीळ सुटला की गोंगाट निरोपात घुसलाच म्हणून समजा.

वहिनीने बॅटरीचा स्विच बंद केला आणि त्या दोन वायरींना मीटर लावला. साठ ओहम, हवे तेवढेच. म्हणजे दोन्ही टोकं शाबूत, मध्ये कुठे तुटलेलंही नाही. मग लॅपटॉप जोडून ऑपरेटरला बकेट खडीत घुसवून लोड द्यायला लावला. लाल दिवा आला. इंजिन बंद करून तिने बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची वायर तात्पुरती सोडवून ठेवली आणि पुन्हा लोड द्यायला सांगितला. आता स्क्रीन अगदी स्वच्छ! म्हणजे गोंगाट अल्टरनेटरचा. आता त्या दोन वायरी अल्टरनेटरजवळून जातात कुठे, एवढंच बघायचं राहिलं.

झाकण काढलं आणि तिचे हातच थांबले. हातभर नवी वायर होती, मिस्त्रीने घातलेली. सांधे पक्के, टेप सुबक. पण पीळ नव्हता. दोन्ही वायरी सरळ, शेजारी शेजारी, अल्टरनेटरच्या जाड केबलला खेटून.

मिस्त्रीला पीळ माहीत नव्हता म्हणावं, तर चार वायरमनना त्यानेच तो शिकवलेला. मग तिच्या लक्षात आलं. पीळ घालायला दोन्ही हातांची बोटं लागतात. आणि त्या दिवशी ती मुद्दाम गाडीत पाठ करून बसली होती, त्याला कोणी बघतंय असं वाटू नये म्हणून. काय म्हणावं या शहाणपणाला!

"काय सापडलं वहिनी?" ऑपरेटरने विचारलं.

"उंदीर," तिच्या तोंडून निघून गेलं. "उंदराने कुरतडलंय."

"आणि वर टेपही उंदरानेच गुंडाळली का गं?"

मिस्त्री मागे उभा होता. ऑपरेटर समजूतदार. "मी जरा खडी बघून येतो," म्हणत तो सटकला. खडी काय बघायची असते!

"पिळता आल्या नाहीत," मिस्त्री म्हणाला. "पीळ घालायला गेलो की सुटायचा. शेवटी म्हटलं जाऊ दे, हातभरच तर आहे."

"मी तिथेच होते. हाक मारायची होती."

"दिवसभर तुलाच तर हाका मारतो. बटण लाव, नाडी बांध, भाकरी मोडून दे. म्हटलं, एक काम तरी हाक न मारता होऊ दे."

वहिनीचे डोळे भरून आले. "अहो, मला आवडतं तुम्ही हाक मारलेली. आजाराआधी दिवसदिवस मारायचा नाहीत."

त्याने डाव्या हाताने टेपचं टोक उकललं. मग म्हणाला, "गिऱ्हाइकाला थाप मार, चालतं. माझ्यापासून लपवायला लागलीस तर मी मिस्त्री राहिलो नाही, पेशंटच झालो."

"चुकले. पण तुम्ही पेटी विकायला निघालात, मी काय करू?" तिने पदराने नाक पुसलं. "बरं मिस्त्री, सांगा आता. मी पिळू का?"

तो वायरींकडे बघत राहिला. "नको. बॅटरीवालं ड्रिल आण. नव्या दोन वायरींची टोकं ड्रिलच्या तोंडात आवळायची, दुसरी टोकं तू धरायचीस. ड्रिल काय, डाव्या हातानेही चालतं."

"हे त्या दिवशी नाही सुचलं?"

"सुचलं होतं. दुसरं टोक धरायला माणूस लागतो."

ड्रिल हळूहळू फिरलं आणि वायरी एकमेकींवर चढत गेल्या. "ताणून धर! झोपलीस का?" मिस्त्री खेकसला. वहिनीने ताणून धरलं. पीळ इतका एकसारखा बसला की बोटांनीही बसला नसता. सरळ तुकडा कापून नवे सांधे तिने केले, तो हातभर पीळ जाड केबलपासून दूर बांधला आणि अल्टरनेटरची वायर परत जोडली. मग ऑपरेटरने बकेट खडीत घुसवली आणि रेस दिली. त्याने मन भरेपर्यंत ढीग उपसला, तरी लाल दिवा काही आला नाही.

"पळाला का उंदीर?" त्याने वरून विचारलं.

"उंदीर नव्हताच," मिस्त्री म्हणाला. "वायर मीच सरळ ठेवली होती. चूक माझी."

वहिनीने गाडीतल्या पेटीकडे बघितलं. चूक त्याचीच निघाली होती, आणि पेटीचं काय करायचं ते त्याने सकाळीच सांगून टाकलं होतं.

ऑपरेटर खाली उतरला. "मग पुन्हा काही झालं तर फोन वहिनींना करायचा ना?"

"मला कर," मिस्त्री म्हणाला. "मी येईन. हिला घेऊन येईन."