दोन्ही बाह्या डाव्या

"हात नीट खाली सोड ग. तू खांदा आवळून धरतेस, म्हणून ओढतंय," आई म्हणाली.

आरशासमोर उभ्या असलेल्या सिस्टरनी निमूटपणे खांदा सैल केला. मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि कपडे कायम आईकडूनच शिवून घेत. नव्या कोटाची उजवी बाही कोपरापाशी पीळ खाऊन मागे फिरली होती.

मी काजं करत बसले होते, ती ठेवून उठले. जवळून पाहिलं. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होत्या. कापडाची सुलट बाजू समोरासमोर न ठेवता दोन्ही थर एकाच अंगाने पसरले की असं होतं. शिकायला येणाऱ्या मुली सुरुवातीला ही चूक हमखास करायच्या आणि आई त्यांची टर उडवायची, "तुझ्या गिऱ्हाइकाला दोन्ही हात डावेच का ग?"

"आई, बाही बघ जरा."

"बाहीला काय धाड भरलीय? हिचाच हात वाकडा झालाय, इंजेक्शनं देऊन देऊन."

सिस्टर हसल्या. मग आरशात आमची नजरानजर झाली आणि त्यांचं हसू ओसरलं. जाताना दारात हळूच म्हणाल्या, "कोटाचं राहू दे. काकूंना मोठ्या डॉक्टरांना दाखव."

डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. पडद्यावर आईच्या मेंदूची चित्रं सरकत होती. "हा कानाच्या आतल्या बाजूचा भाग. नव्या आठवणी इथे बसतात. तो बराच आकसलाय. आणि कवटीलगतची ही काळी जागा वयाच्या मानाने जास्त आहे."

ते माझ्याशीच बोलत होते. आईने खुर्ची पुढे ओढली.

"आटलंय म्हणा की. न भिजवता शिवलेलं दिसतंय."

डॉक्टरांना हसू आवरेना. "इतकं आकसूनही तुम्ही दुकान चालवत होता, हे विशेष आहे. जन्मभर डोकं आणि हात चालवलेल्या माणसाजवळ थोडी शिल्लक असते. ती पुरते तोवर बाहेरून कळत नाही. सरली की मात्र उतार जाणवायला लागतो."

"म्हणजे माया सोडलेली असते," आई म्हणाली.

कपडा पुढे मोठा करता यावा म्हणून शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. मी ते डॉक्टरांना समजावू लागले. आई माझ्याकडे बघत होती.

"हिला होईल का हो?"

"तसं कुणाचंच सांगता येत नाही. आईला असलं तर धोका थोडा वाढतो. पण होईलच असं नाही."

"थोडा म्हणजे किती बोटं?"

डॉक्टरांनी पडदा बंद केला आणि औषधं लिहायला घेतली.

दादाने फोनवर एकच धोशा लावला. "आधी तिच्याकडची कात्री काढून घे. उद्या बोट कापून घेईल, नाहीतर कुणाचं महागाचं कापड."

"कात्री काढली तर तिच्याकडे राहील काय?"

"तू जवळ आहेस. तूच ठरव बाई."

मी गिऱ्हाइकं बंद केली. मग जुन्या चादरी धुऊन, इस्त्री करून, नव्या कापडासारख्या घड्या घालून तिच्यापुढे ठेवू लागले. ती खडूने आखायची, कापायची. काही दिवस निभावलं. एका दुपारी तिने खडू टेकवला आणि हात थांबला. तिने कापड नाकाशी नेलं.

"ही आपल्या पलंगावरची चादर आहे."

मी चादरीची कड सरळ करू लागले.

"माप कुणाचं आहे?"

"कुणाचंच नाही, आई."

ती रागावली नाही. कागद कापला तर धार जाते म्हणून त्या कात्रीला आम्हा भावंडांना तिने कधी हातसुद्धा लावू दिला नव्हता. आता तिने पाती तेलाच्या फडक्याने पुसली, मिटली आणि मुठीची बाजू माझ्याकडे करून कात्री पुढे धरली.

"धर. माप नसलेलं मी कापत नाही."

कात्री ठेवून दिली, एवढंच मी दादाला कळवलं. कुणी ठेवली ते सांगितलं नाही.

त्यानंतर उतार सुरू झाला. आधी ती घरातल्या खोल्या चुकू लागली, मग माणसं. ती गेली त्या हिवाळ्यात एका सकाळी मी तिला चमच्याने दूध पाजत होते. अंगात तिनेच कधीकाळी शिवलेला माझा कोट होता. घोट घेता घेता तिची बोटं कोटाच्या काठाशी गेली. तिने काठ उलटला आणि अंगठ्याने आतली शिवण चाचपली.

"कुणी शिवलाय हो, बाई?"

"माझ्या आईनं."

ती बराच वेळ शिवणीवरून बोट फिरवत राहिली.

"हात चांगला आहे त्यांचा. आत दोन बोटं माया सोडलीय. पुढंमागं लागली तर उसवून घ्या."

मग तिने काठ होता तसा परत दुमडला आणि नखाने घडी दाबली, इस्त्री तापेपर्यंत दाबून ठेवायची तशी.