साधनाताईंच्या पाठीतला वण

मी एक जुना वण आहे. जुना म्हणजे तीनच वर्षांचा. पण मित्रांनो, वणाला म्हातारपण लवकर येतं. मी कुणाला दिसत नाही. रिद्धपूरजवळच्या साधनाताईंच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आत माझं घर आहे.

त्या दिवशी ताई शिडीवर चढून संत्री तोडत होत्या. शिडीचा पाय भुसभुशीत मातीत रुतला आणि त्या पाठीवर आदळल्या. बायका उठवायला धावल्या, तेवढ्यात बागेतले म्हातारे बुधाजी ओरडले, "हात नोका लावू! पाठ वाकली त बाई जाईन. फळी आना!" बागेतल्या झोपडीचं दार काढून, त्यावर ताईंना सरळ निजवून अमरावतीला नेलं. ऑपरेशन झालं, पण पाय हलेनात.

माझा जन्म त्याच दिवसांतला. मज्जारज्जू म्हणजे मेंदूचे निरोप पायांपर्यंत नेणाऱ्या बारीक धाग्यांची जुडी. त्यातले कितीतरी तुटले होते, सूज पसरत होती. आसपासच्या पेशी धावून आल्या, एकमेकींना बिलगल्या, दाट झाल्या. तोच मी. मी जखमेला कुंपण घातलं आणि नासाडी तिथेच थांबली. केवढा अभिमान वाटला मला! पण पुढे तुटलेले धागे वाढू पाहत, ते माझ्यापाशीच अडत. आणि मला सरकता येईना.

डॉक्टरांनी हे सगळं सांगितलं, तेव्हा ताईंचे यजमान सहदेवराव खाली मान घालून बसले. ताईंनी विचारलं, "म्हंजे हा वण माह्या वैरीच झाला का?"

"नाही. त्यानं जखम वाढू दिली नाही. काठाचे थोडे धागे शाबूत आहेत."

"मंग त्यानं त्याचं काम केलं. आता माह्यं मी करीन."

माझ्याविषयी इतकं न्यायानं कुणीच बोललं नव्हतं.

अमरावतीच्या राजापेठेत व्यायाम सुरू झाला. प्रतीक्षा नावाची मुलगी शिकवायची. "ताई, पायाच्या अंगठ्याकडे पाहा आणि मनातून हलवा." चार महिने अंगठा ढिम्म. घरी सहदेवराव दर दोन तासांनी ताईंची कूस बदलायचे. बधिर अंगाला जखम झाली तरी कळत नाही ना! एकदा दांड्यांना धरून उभ्या राहताना ताई कोसळल्या. "पुरे झालं, मले घरी न्या," म्हणून रडल्या. सहदेवरावांनी त्यांना घरी नेलं. दुसऱ्या दिवशी ताईच म्हणाल्या, "अहो, ऑटो बोलवा."

पाचव्या महिन्यात उजवा अंगठा हलला. प्रतीक्षानं तीनदा हलवून घेतला, मगच तिचा विश्वास बसला.

मी विरघळलो नाही, मित्रांनो. अजून तसाच आहे. पण काठाचे ते मोजके धागे रोजच्या सरावानं तुटलेल्यांचंही काम शिकले. डाव्या पायाला पट्टा आहे, हातात वॉकर आहे, तरी परवा ताई बागेच्या फाटकापासून विहिरीपर्यंत चालत गेल्या. बायका धरायला आल्या तर म्हणाल्या, "मले वेळ लागते. तुमी नुसत्या संगं चाला."

म्हणून एवढंच मागतो. कुणी उंचावरून पडलं तर घाईनं ओढून बसवू नका. हलवू न देता मदत बोलवा. तुम्ही वाचवलेला एखादा धागाच पुढे त्याचं पाऊल उचलणार असतो. आणि तो सावकाश चालू लागला, की आपलीही चाल थोडी कमी करा.