बिगी

आमच्या दूध सोसायटीच्या जीपला परदेशी इंजिन होतं, यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसत नसे. हैदराबादचा कोणी एक अरबस्तानातून गाडी घेऊन आला आणि नळदुर्गाजवळ रस्ता सोडून बाभळीत घुसला. माणूस वाचला, गाडीचं भंगार झालं. उमरग्याच्या शिवलिंगप्पा मिस्त्रींनी त्यातलं डिझेल इंजिन काढून आमच्या जीपमध्ये बसवलं. त्याला टर्बो होता. म्हणजे एक पंखा. तो इंजिनाच्याच धुरावर फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. हवा जादा, म्हणून डिझेलही जादा जाळता येतं आणि गाडीला जोर येतो. हे मला पाठ आहे, कारण जीपचे ड्रायव्हर बब्रुवान हे आमचे मालक. जेवताना, आंघोळीला जाताना, पाहुणे आले की पाहुण्यांपुढं, हेच.

मी, अयोध्या, त्याच सोसायटीत दूध तपासायला होते. फॅट काढायची, वास घ्यायचा, आंबूस वाटलं तर परत करायचं. नाक माझं तिखट आणि जीभ नाकाहून तिखट.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला. निम्मी जनावरं छावणीला गेली, तरी अणदुरातून सकाळी पाच कॅन दूध निघायचं. जीप ते जळकोटावरून उमरग्याच्या शीतकेंद्रात न्यायची. एप्रिलमध्ये दोनदा तिथं दूध फाटलेलं निघालं. केंद्राचे साहेब म्हणाले, तिसऱ्यांदा फाटलं तर अणदूरची जीप पाठवूच नका. जीप बंद म्हणजे सोसायटी बंद. तीस घरच्या बायका दूध घेऊन कुठं जाणार होत्या, देव जाणे.

मला गुन्हेगार हवा होता, आणि तो मी लगेच शोधला. चांगुणाकाकूंची पितळी घागर. सगळ्या बायकांसमोर मी म्हणाले, "काकू, घागरीची कल्हई उडालीय. तुमच्या दुधानं सगळ्यांचं दूध नासतंय. उद्यापासून आणू नका." काकूंनी एकच म्हैस छावणीला न धाडता कडबा विकत आणून जगवली होती. त्यांनी घागर उचलली, कंबरेवर घेतली आणि गेल्या. मला तेव्हा माझ्याच कडकपणाचं कौतुक वाटलं.

बब्रुवान यांचा इलाज वेगळा होता. त्यांच्या मते दूध उन्हात फार वेळ राहतं म्हणून फाटतं, तेव्हा गाडी जोरात पळवायची. त्यांनी स्वतःच पाना घेऊन डिझेलचा स्क्रू आत पिळला, आणि जादा हवा सोडून देणारी दांडी आखूड केली. म्हणजे डिझेलही जास्त, हवाही जास्त. जीप निघाली की मागं गावभर काळा धूर. "धूर बगितलास का? ताकद हाय ती," ते म्हणाले. चार दिवसांनी इंजिन एवढं तापायला लागलं की रेडिएटरचं झाकण काढताच पाणी फवारायचं.

शेवटी ते शिवलिंगप्पांकडं गेले. "मिस्त्री, तिसरी खेप फाटली तर आमी संपलो. गाडी बिगी करा."

"बिगी करू?"

"व्हय, एकदम."

मिस्त्रींनी दोन तास काम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप सुरू झाली, तर धूर नाही, गडगडाट नाही, आणि चाळिसाच्या वर काटा सरकेना. मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हाताऱ्यानं इंजिनाचा जीवच काढला. दूध आज फाटणार, लिहून ठेव." मीही घाबरले. म्हणून नाक घेऊन जीपमध्ये बसले. दूध फाटायचंच असेल तर माझ्यासमोर फाटू दे.

जळकोटला कॅनचा वास घेतला. गोड. येणेगुरात कोंडीरामच्या हॉटेलासमोरून जीप सरळ निघाली, तर कोंडीराम पाण्याची बादली घेऊन रस्त्यावर धावत आला. मालकांना थांबावं लागलं.

"ड्रायव्हरसाब, आज बॉनेट न्हाय उघडायचं?"

"कशापायी? गार हाय इंजिन."

"तसं न्हाय. पाणी उकळून गाडी रोज पाऊण तास हितंच उभी ऱ्हाती ना. तुमी टर्बू दावता. माणसं येऊन बसलीत आज बी."

खरंच, बाकड्यावर पाचसहा माणसं चहा घेऊन तयारीत बसली होती. मी मालकांकडं पाहिलं. ते रस्त्याकडं पाहत होते.

"आधी बी थांबत होता?" मी विचारलं. "स्क्रू पिळायच्या आधी?"

"चा प्यायला," ते म्हणाले. "अन् मानसं इचारतेत तर सांगावं लागतंय की. एप्रिलात जरा लई इचारत होते."

पुढच्या रस्त्यात मी एकाही कॅनचा वास घेतला नाही. रागानं नाही, लाजेनं. पाच कॅन उन्हात, बॉनेट उघडं, आणि हे पंख्याची गोष्ट सांगतायत. आणि मी गावात घागरी हुंगत बसले होते.

केंद्रात दूध चांगलं निघालं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. तरी मालकांचं समाधान होईना. ते तडक गॅरेजवर गेले.

"मिस्त्री, म्या बिगी करा म्हनलो आन् तुमी बैलगाडी केली."

शिवलिंगप्पांनी हात पुसले. ते मूळचे आळंदचे, घरात कन्नडच. "तूच म्हणला बिगी कर. आमच्याकडं बिगी म्हंजे घट्ट. म्या घट्ट केलं. डिझेल आवळलं, हवा उतरवली, स्क्रूला शिशाचं सील मारलं, तुझा हात लागू नये म्हणून."

"मराठीत बिगी म्हंजे लवकर हो."

"ते बिगीबिगी. तू एकदाच म्हणला." म्हातारा अजिबात हसला नाही. "आन् आज किती वाजता पोचला?"

मालकांनी हिशेब केला. रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी.

"जोरच पायजे तर सील तोडून देतो," मिस्त्री म्हणाले. "एक दिवस विमानासारखी पळंल. रोज पळायची तर अशीच पळंल. बोल."

त्यांना किती जड गेलं ते मला दिसत होतं. पंचक्रोशीत त्यांची ओळख त्या टर्बोच्या जोरावरच होती. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

परतल्यावर मी घरी न जाता चांगुणाकाकूंच्या दारात गेले. मालक मागं उभे राहिले. घागर ओसरीवर पालथी होती. मी उचलून आत पाहिलं. आरशासारखी कल्हई, आणि ती आजची नव्हती.

"काकू, ही कवा केली?"

"पाडव्याला."

म्हणजे दूध पहिल्यांदा फाटायच्या आधीच. काकूंना बोलले त्या दिवशी मी घागरीत डोकावलेही नव्हते, पितळ बघितलं आणि तोंड सोडलं होतं. "चुकलं माझं," मी म्हणाले. "उद्यापासून दूध आणा."

काकू म्हशीला कडबा टाकत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"आणते की. पर सगळ्या बायका आल्यावर आणते. म्हनलीस सगळ्यांम्होरं, तवा घेतानाबी सगळ्यांम्होरंच घ्यायचं." मग म्हणाल्या, "आन् अयोध्ये, माझ्या घागरीचा वास घेत होतीस, त्याच्या आधी नवऱ्याच्या गाडीचा घ्यायचास."